त्या नावाचं इथे कुणी राहत नाही

(एप्रिल १९७२. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका गावातलं ‘गालील घर’, नव्यानं येशूच्या मागे लागलेल्या तरुणांचं एकत्र राहायचं भाड्याचं घर. दुपारचं स्वयंपाकघर, भिंतीवर फोन. डॉर्कस, वय सव्वीस, टेबलावर घेवड्याच्या बिया निवडते आहे. समोर नॉर्थ डाकोटाहून आलेल्या आर्डिस टॉलेफसन उभ्या आहेत; स्वतःचं आणि शोधत आलेल्या मुलीचं नाव त्यांनी नुकतंच सांगितलं आहे. वय साठीच्या आसपास, अंगात जाड कोट, हातात चामडी पिशवी.)

डॉर्कस: आधी पिशवी उघडून दाखवा.

आर्डिस: दाखवते की. पण का गं?

डॉर्कस: नियम आहे. ऑक्टोबरात असेच एका पोराचे वडील आले होते. बरोबर दोन पैलवान. पिशवीतून दोरी काढली आणि पोराला बांधून गाडीत टाकलं. वीस वर्षांचा घोडा, लहान मुलासारखा ओरडत गेला.

आर्डिस: मग माझी पंचाईत आहे. माझ्याही पिशवीत दोरीच आहे.

डॉर्कस: बाई, तुम्ही बाहेर व्हा.

आर्डिस: अगं, मागे काय सरतेस? ही बघ. सुताची आहे, बारीक. हिनं कोंबडीसुद्धा बांधून होणार नाही.

डॉर्कस: मग आणली कशाला?

आर्डिस: सांगते. पण बसू दे आधी. दोन रात्री बसमध्ये काढल्यात, पाय माझे राहिलेले नाहीत.

डॉर्कस: बसा. पण आधीच सांगून ठेवते, टॉलेफसनबाई. त्या नावाचं इथे कुणी राहत नाही.

आर्डिस: हे वाक्य मला पाठ आहे.

डॉर्कस: खरंच कुणी नाही. हवं तर घर बघून घ्या. वरच्या मजल्यावर मुली, तळघरात मुलं. सगळे कामावर गेलेत.

आर्डिस: मी कुठे म्हटलं तू खोटं बोलतेस म्हणून? ती परात सरकव इकडे. एवढ्या बिया एकटी कधी निवडणार?

डॉर्कस: राहू द्या हो, पाहुण्या तुम्ही.

आर्डिस: रिकाम्या हातांनी बसले की मला रडू येतं. सरकव.

डॉर्कस: घ्या. डोनट देऊ? कालचे आहेत. बेकरीवाला उरलेले देतो.

आर्डिस: नको. बस थांबते तिथल्या माणसाला मी तुमचं घर विचारलं, तर म्हणाला, कुठलं, त्या केसाळ हिप्प्यांचं? मी म्हटलं, हिप्पी नव्हे बाबा, ख्रिस्ती. तर हसायलाच लागला. म्हणाला, हां, येशूवेडे होय! सरळ जा, शिळ्या डोनटचा वास आला की थांबा.

डॉर्कस: तो त्यातल्या त्यात बरा. टेकडीवरचे हिप्पी आम्हाला येशूवेडे म्हणतात आणि थुंकतात. गावातले चर्चवाले आम्हाला हिप्पी म्हणतात आणि खिडक्या लावून घेतात. आमची पोरं हमरस्त्यावर उभी राहून एक बोट आकाशाकडे दाखवतात, मार्ग एकच म्हणून. गाडीवालेही काच खाली करून एक बोट दाखवतात. बोट तेवढं वेगळं असतं.

आर्डिस: आणि तुम्ही स्वतःला काय म्हणता?

डॉर्कस: दमलेले.

आर्डिस: ते दिसतंच आहे. डोळ्यांखाली बघ काय झालंय.

डॉर्कस: खरं सांगू? वेडे तर आम्ही आधीपासून स्वतःलाच म्हणायचो. सॅन फ्रान्सिस्कोत होते मी तेव्हा. वेडा म्हणजे आपल्यातला माणूस. एखादा नशेच्या गोळ्यांचा वेडा, एखादा मोटारसायकलचा वेडा. मग आमच्यातल्या काहींनी गोळ्या सोडल्या आणि बायबल धरलं, तर जुने दोस्त म्हणाले, बघा, आता हे येशूवेडे झाले. तेव्हा ती शिवी नव्हती. ज्याचं त्याचं वेड. शिवी केली ती नंतर इतरांनी. पेपरवाल्यांनी, चर्चवाल्यांनी.

आर्डिस: आणि आयांनी.

डॉर्कस: काय म्हणालात?

आर्डिस: काही नाही. तो खडा राहिला बघ, पांढरा.

डॉर्कस: नाही, आता बोला.

आर्डिस: काय बोलू? माझी पोरगी घर सोडून गेली, हिप्पी झाली, तेव्हा मी चर्चच्या बायकांच्या मंडळात सांगू तरी शकत होते. सगळ्या चुकचुकल्या. तिच्यासाठी प्रार्थना केली, मला कॉफी दिली, केक दिला. आमच्याकडे दुःखालाही केक लागतो. मग कळलं की पोरगी येशूच्या मागे लागली. आता काय सांगू? बायांनो, माझी मुलगी दिवसरात्र प्रार्थना करते, तिच्यासाठी प्रार्थना करा? मग मी खोटंच सांगितलं. म्हटलं, टायपिंग शिकतेय.

डॉर्कस: हसू आणलंत मला. आज पहिल्यांदा.

आर्डिस: मला नाही आलं हसू. गेल्याच्या आधीच्या नाताळात ती घरी आली होती. अनवाणी. बाहेर शून्याखाली वीस. लांब झगा, गळ्यात हा एवढा लाकडी क्रूस. दारातूनच म्हणाली, आई, मला येशू भेटला. घरात पास्टर बसलेले, लेफ्से खात. लेफ्से म्हणजे आमची बटाट्याची पातळ पोळी. तिला वाटलं असणार, आता तरी आईला आनंद होईल. मी आयुष्यभर तेच तर म्हणत आले होते ना, चर्चची पायरी चढ, चर्चची पायरी चढ.

डॉर्कस: आणि तुम्ही काय म्हणालात?

आर्डिस: म्हटलं, हिप्पी होतीस ते परवडलं. आता ही येशूवेडी कुठून आणलीस माझ्या घरात?

डॉर्कस: पास्टरांसमोर?

आर्डिस: पास्टरांसमोर म्हणूनच. दोघीच असतो तर कदाचित नसते म्हणाले. लाज वाटली मला. ती कशाची वाटली ते अजून मला धड सांगता येत नाही.

डॉर्कस: आणि तिचे वडील?

आर्डिस: नेल्स? तो उठला, फावडं घेतलं आणि बाहेर बर्फ काढायला गेला. बर्फ सकाळीच काढून झालं होतं. ती दुसऱ्या दिवशी निघून गेली. मग सहा महिन्यांनी टपालानं तुमचं ते छापील पत्रक आलं. आत चिठ्ठी नाही, काही नाही. पण पाकिटावरचं अक्षर तिचं होतं, आणि पत्रकाच्या पाठीमागे इथला पत्ता आणि फोन नंबर.

डॉर्कस: ते आम्ही हजारोंनी वाटतो.

आर्डिस: वाटत असाल. पण आमच्या गावात एकच आलं.

डॉर्कस: बाई, मी तुम्हाला नियम समजावून सांगते. रागावू नका. या घरात जो येतो त्याला नवं नाव मिळतं. समुद्रात बाप्तिस्मा होतो, जुनं माणूस पाण्यात मरतं आणि वर येतं ते नवं. जुनं नाव आम्ही विचारत नाही, कुठे लिहीत नाही. इथे येणारी पोरं काय काय करून आलेली असतात तुम्हाला माहीत नाही. कुणाच्या मागे पोलीस असतात, कुणाच्या मागे नवरा. जुनं नाव सुटलं की पुष्कळ सुटतं. म्हणून कुणी फोनवर जुनं नाव विचारलं, तर त्या नावाचं इथे कुणी राहत नाही असंच सांगायचं. ते खोटं नसतं.

आर्डिस: हा नियम कुणी केला?

डॉर्कस: मी. ऑक्टोबरात ती दोरी बघितल्यावर.

आर्डिस: तुझं काय नाव होतं गं आधी?

डॉर्कस: रोंडा.

आर्डिस: बरं होतं की.

डॉर्कस: होतं.

आर्डिस: मग आता मी सांगते ते ऐक. जानेवारीत नेल्सनं अंथरूण धरलं. पोटातलं दुखणं होतं, डॉक्टरनं हात टेकले. नेल्स काही मागणारा माणूस नव्हता. एकदाच म्हणाला, पोरीचा नंबर आहे ना आपल्याकडे? मग रविवारी, दर कमी असतो तेव्हा, मी फोन लावला. तिकडून आवाज आला, प्रभूची स्तुती असो, गालील घर. आणि मी ओळखलं. दोनच शब्दांत ओळखलं.

डॉर्कस: कुणाला?

आर्डिस: पोटच्या पोरीचा आवाज ओळखणार नाही का मी? मी विचारलं, मार्लिस आहे का? ती म्हणाली, त्या नावाचं इथे कुणी राहत नाही.

डॉर्कस: आणि फोन ठेवला.

आर्डिस: नाही ना! ठेवला नाही. मी पण ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मागे भांडी वाजत होती, कुणीतरी गिटार खाजवत होतं. नेल्सनं पलंगावरून हात पुढे केला, तर मी रिसीव्हर त्याच्या कानाला लावला. तोही काही बोलला नाही. फोनवर बोलायचं त्याला जमायचंच नाही कधी. तीन मिनिटं तो भांडी ऐकत पडला. मग मान हलवली, झालं म्हणून. त्या दिवशी त्यानं वाटीभर सूप घेतलं.

डॉर्कस: रविवारी? दुपारी दोनच्या सुमारास?

आर्डिस: तुमच्याकडे दोन, आमच्याकडे चार. पाच रविवार असं चाललं. मी विचारायची, मार्लिस आहे का? ती म्हणायची, त्या नावाचं कुणी नाही. आणि मग आम्ही तिघं गप्प. आठवडाभर नेल्स त्यासाठी दाढी राखून ठेवायचा. रविवारी करायचा.

डॉर्कस: फोनसाठी दाढी?

आर्डिस: फोनसाठी दाढी. मग सहावा रविवार आला. तेरा फेब्रुवारी. आवाज वेगळा होता, बाजूला बसून मलासुद्धा ऐकू आला. त्या नावाचं कुणी राहत नाही, आणि धाडकन खाली. रिसीव्हर तेव्हा नेल्सच्याच कानाला होता, सुरुवातीपासून ऐकायचं म्हणाला होता. मी फक्त ओरडून नाव विचारलं. त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला. मग म्हणाला, आज पोरगी कामात असेल.

डॉर्कस: देवा.

आर्डिस: गुरुवारी गेला.

डॉर्कस: तो आवाज माझा होता.

आर्डिस: माहीत आहे. आल्या आल्या तू ते वाक्य म्हणालीस तेव्हाच कळलं.

डॉर्कस: आणि तरी माझ्या बिया निवडत बसलात?

आर्डिस: मग काय करू? तुला मारू? माझ्यात तेवढा जोर उरलेला नाही, पोरी. आणि बियांनी काय घोडं मारलंय?

डॉर्कस: मला वाटलं, कुणी पोरगा असेल तिचा. जुना. दर रविवारी टिर्झा फोन कानाला लावून खांबासारखी उभी, इकडे बटाटे करपतायत. टिर्झा म्हणजे... तिचं इथलं नाव. मी विचारलं, कोण आहे? तर म्हणायची, राँग नंबर. पाच रविवार राँग नंबर! मग मी तिला फोनवरून काढलं आणि स्वतः उचलला.

आर्डिस: टिर्झा. कसलं हे नाव.

डॉर्कस: बायबलमधलंच आहे.

आर्डिस: असेल. आमच्याकडे त्यापेक्षा सोपी नावं होती.

डॉर्कस: एक गोष्ट अजून सांगायची राहिली. मला तिचा हेवा वाटत होता. चार वर्षांत माझ्यासाठी हा फोन एकदाही वाजलेला नाही. मी कुठे आहे हे माझ्या आईला पक्कं माहीत आहे, पत्ता आहे तिच्याकडे. नियम मी केला खरा, पण तो माझ्यासाठी कधी लागलाच नाही. आणि हिचा मात्र दर रविवारी वाजतो. म्हणून मी जोरात आपटला. आठवतंय मला. जोरात आपटला होता.

आर्डिस: बस बस. कुणाच्या तोंडून काय निघून जातं आणि कुणाच्या हातून काय आपटलं जातं, त्याचा हिशेब आपण कुठे करत बसायचा? मी आले ती वेगळ्या कामासाठी. कुठे आहे ती?

डॉर्कस: खरंच इथे नाही. मार्चमध्ये तिला ओरेगनच्या घरी पाठवलं. तिथे आमची माणसं तोडलेल्या जंगलात झाडं लावतात. ती त्यांचं जेवण रांधते.

आर्डिस: वडील गेल्याचं तिला माहीत आहे?

डॉर्कस: नसणार.

आर्डिस: मी त्या आठवड्यात दोनदा फोन केला. पुरुषाचा आवाज होता. मी तिचं नाव घेतलं की तो वाक्य म्हणून ठेवून द्यायचा, पुढचं बोलूच द्यायचा नाही. पत्रं पाठवली, तीन. ती न उघडता परत आली. वर जाड पेनानं लिहिलेलं, अशी व्यक्ती येथे नाही.

एमस: सिस्टर डॉर्कस! प्रभूची स्तुती असो! दोनशे पत्रकं संपली, एका बाईनं अंगावर कॉफी फेकली, आणि एका पोरानं गुडघे टेकले. अरे, पाहुण्या कोण?

डॉर्कस: या टॉलेफसनबाई. टिर्झाच्या आई. बाई, हा ब्रदर एमस. या घरचा वडील, म्हणजे प्रमुख.

आर्डिस: वडील? किती वर्षांचा तू?

एमस: चोवीस.

आर्डिस: बरे वडील आहेत. पत्रं तूच परत पाठवायचास ना? जाड पेनानं?

एमस: जुन्या नावाची सगळीच परत पाठवतो, ताई. त्यात तुमचा अपमान नाही. या घरात जुनं माणूस मेलेलं असतं, आणि मेलेल्याचं टपाल कोण घेणार?

आर्डिस: मेलेल्याचंच टपाल होतं ते, बाळा. तिचे वडील गेले, एवढंच त्यात लिहिलं होतं.

एमस: अरेरे. प्रभू त्यांना... अरेरे. मला खरंच माहीत नव्हतं.

आर्डिस: उघडलं नाहीस तर कसं कळणार?

डॉर्कस: एमस, मी ओरेगनला फोन लावतेय.

एमस: नको. थांब, सिस्टर, जरा विचार कर. तिला तिकडे का पाठवलं? हे तुटावं म्हणून. तूच येऊन मला सांगितलंस की तिचं मन मागे ओढतंय. आता कुठे ती स्थिरावली. घरची हाक आली की पोरं परत जातात, आणि परत गेली की पुन्हा गोळ्या, पुन्हा रस्ता. किती बघितली आपण? ऑक्टोबरात सायलसला बांधून नेलं. तीन महिन्यांत तो मेला. बापाच्या गॅरेजमध्ये.

डॉर्कस: सायलस बांधून नेला म्हणून मेला. हिला कुणी बांधत नाहीये.

एमस: तुला काय माहीत? आणि ही दोरी कसली टेबलावर?

आर्डिस: पुन्हा दोरी! घे, हातात घेऊन बघ. घाबरू नकोस.

एमस: मेण आहे हिच्यावर.

आर्डिस: मेणच आहे. नेल्स आमच्या चर्चचा घंटा वाजवणारा आणि कबरी खणणारा. अडतीस वर्षं. गावात जो मेला त्याची जागा त्यानं या दोरीनं आखली. चार खुंट्या, भोवती दोरी. मग दोरीच्या कडेनं हिरवळ कापायची, चौकोनी तुकडे, आणि काढतील त्या क्रमानं ओळीत मांडून ठेवायचे. माती ढकलली की त्याच क्रमानं परत बसवायचे. पंधरा दिवसांत कळणारसुद्धा नाही की इथे खणलं होतं. तो म्हणायचा, जमिनीला व्रण ठेवू नये, लोकांना पुन्हा पुन्हा दिसतो.

एमस: हे छान आहे.

आर्डिस: दोरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं मार्लिसच्या. सहा वर्षांची होती तेव्हापासून. दुसऱ्या कुणाला तो धरू द्यायचा नाही, सैल धरतात म्हणायचा. वेदीवरच्या मेणबत्त्यांची थोटकं ती जमा करायची आणि दर वसंतात दोरीला घासायची, म्हणजे दोरी दवानं भिजून लोंबत नाही. आमच्याकडे थंडीत जमीन दगड होते. हिवाळ्यात जे जातात त्यांना चर्चच्या मागच्या खोलीत ठेवतात, बर्फ उतरेपर्यंत. नेल्स तिथेच आहे अजून. सहा मेला त्याला मातीत ठेवायचंय.

डॉर्कस: अजून ठेवलेलं नाही? म्हणजे अजून वेळ आहे.

आर्डिस: म्हणून तर आले. खड्डा खणायला पुतण्याचं यंत्र येईल. पण आखणार कोण? एक टोक मी धरीन. मी तिला घरी राहा म्हणत नाही. केस काप म्हणत नाही, चपला घाल म्हणत नाही. तिला येशूचं वेड असू दे, कुणाचंही असू दे. तिनं यावं, दोरी धरावी, हिरवळ कापावी आणि जावं.

एमस: ताई, एक सांगू? लोक आम्हाला येशूवेडे म्हणतात तर मी ते लाल अक्षरांत व्हॅनवर रंगवून टाकलं. फेकलेली शिवी टोपी करून डोक्यावर घातली. मला वाटतं, नावाचं असंच करायचं असतं. ते चिकटलं तर आपलं म्हणायचं, नको असेल तर समुद्रात सोडायचं. माझंही मी सोडलं. आणि कधी कधी सकाळी उठल्यावर ते जुनं नाव...

डॉर्कस: काय?

एमस: काही नाही. वडील म्हणून मी हो म्हणू शकत नाही, सिस्टर. नियम एकीसाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडतो.

डॉर्कस: मग नाही म्हण. मी लावतेच आहे.

एमस: मी व्हॅनमधली पत्रकं उतरवतो. मला वेळ लागेल. बरीच आहेत.

आर्डिस: मघाशी तर म्हणाला, सगळी संपली.

डॉर्कस: जाऊ द्या त्याला. इकडे या, फोनची वायर टेबलापर्यंत येत नाही. दुपारी बाकीचे झाडं लावायला गेलेले असतात, घरात तीच असते. हे बघा, टिर्झा म्हणून मागा. मार्लिस म्हणालात तर ती तेच वाक्य म्हणेल. मीच शिकवलंय.

आर्डिस: मी मार्लिसच मागणार.

डॉर्कस: का हट्ट करता? एक नाव तर घ्यायचंय.

आर्डिस: म्हणू दे तिला ते वाक्य. पुढे काय करते ते ऐकायला मी दोन रात्री बसमध्ये बसलेय.

डॉर्कस: बरं. वाजतोय. घ्या.

आर्डिस: हॅलो. मार्लिस टॉलेफसन आहे का तिथे?

डॉर्कस: काय म्हणाली?

आर्डिस: तेच.

डॉर्कस: आणि?

आर्डिस: श्श! ठेवला नाही.

डॉर्कस: नक्की?

आर्डिस: श्वास येतोय. मार्लिस, आज मी बोलते, तू नुसतं ऐक. तू पाठवलेल्या पत्रकावरच्या नंबरावरून आम्ही फोन करायचो ते तुला माहीत होतं. तू ठेवायची नाहीस ते बाबांना माहीत होतं. ते रविवारी दाढी करायचे गं तुझ्यासाठी. बाबा गेले, बाळा. सतरा फेब्रुवारीला, झोपेत. शेवटच्या रविवारी फोन लवकर कटला. ते म्हणाले, पोरगी कामात असेल. रागावले नाहीत. ऐकतेस ना?

डॉर्कस: रडतेय?

आर्डिस: कळत नाही. मार्लिस, नाताळात मी तुला जे म्हणाले ते पास्टरांना ऐकवायला म्हणाले. तुझ्यासाठी नव्हतं ते. तोंड माझं खराब, तुला लहानपणापासून माहीत आहे. बर्फ उतरलंय. गवताला हिरवी टोकं आलीत. सहा मेला बाबांना ठेवायचंय आणि त्यांची जागा आखायला माझ्याकडे दोनच हात आहेत. दोरी मी बरोबर आणलीय. ते नाव तुला नको असेल तर मी दुसरं म्हणायला शिकीन. जीभ वळली तर. एवढंच सांगायचं होतं.

डॉर्कस: बाई?

आर्डिस: थांब.

डॉर्कस: बाई, काही बोलतेय का?

आर्डिस: हं. बोल, ऐकतेय मी. हो. हो, खिडकीत होती त्या डब्यातच. नाही गं, यंदा नाही, यंदा कोण लावणार होतं?

डॉर्कस: काय म्हणतेय?

आर्डिस: विचारतेय, दोरीला नवं मेण लावलंस का.